पंचाचें बोलावणें

अमेरिकेचें नागरिकत्व घेऊन तेथें संसार थाटलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मध्यंतरीं कळविलें कीं, त्याला ज्युरीवर बसण्याचें सरकारी बोलावणें आलें आहे. पत्रांत आनंद नव्हता. कामाचा खोळंबा होणार, दिवसाची मिळकत बुडणार, आणि ज्यांचें नांवगांव ठाऊक नाहीं अशा परक्यांच्या प्रकरणांत आपण काय म्हणून पडावें, असा त्याचा सूर होता. शेवटीं त्यानें विचारलें होतें, "गुरुजी, यांतून सुटण्याची एखादी युक्ति शास्त्रांत आहे काय?" प्रश्न थट्टेचा होता. पण शास्त्रच विचारलें आहे तर शास्त्रच सांगावें, म्हणून मीं जें उत्तर लिहिलें त्याचा विस्तार या महिन्याच्या पानांत करीत आहे. हा प्रश्न परदेशांतला, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणूं नये. तो आपल्या ओसरीपर्यंत कसा येतो तें पुढें दिसेलच.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत न्यायसभेचा विचार आहे. राजाला स्वतः बसणें शक्य नसेल तेव्हां त्यानें नेमलेल्या विद्वानानें तीन सभ्यांसह सभेंत बसून निवाडा करावा, अशी तेथील योजना. बृहस्पतीनें सभ्यांची संख्या सात, पांच किंवा तीन सांगितली. म्हणजे विषम, कीं मतें समसमान पडूं नयेत. या सभ्यांना मनूनें दिलेली ताकीद कडक आहे. एक तर सभेंत पाऊल टाकूं नये. टाकलें तर योग्य तेंच बोललें पाहिजे. आणि तेथें बसून जो मौन धरतो तो खोटें बोलणाराइतकाच दोषी होतो. पुढें तर त्यानें चक्क हिशेब मांडला आहे. अन्यायाचा निवाडा झाला तर त्या पापाचा एक चतुर्थांश मूळ अपराध्याकडे, एक साक्षीदाराकडे, एक सभ्यांकडे आणि एक राजाकडे जातो. आपण गप्प बसलों म्हणजे आपल्या हातून कांहीं घडलें नाहीं, ही सोय या हिशेबांत ठेवलेलीच नाहीं. मनूचें सर्वच आज घेतां येत नाहीं. त्याच अध्यायांत वर्ण पाहून दंड कमीअधिक करणारे नियमहि आहेत, आणि ते टाकून दिले हें बरेंच झालें. पण हा चौथ्या वाट्याचा हिशेब टाकून देण्यासारखा नाहीं.

सभ्य म्हणजे धर्मशास्त्री पंडितच असत असें मात्र नव्हे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा नववा अंक ज्यांनीं वाचला असेल त्यांना न्यायाधिकरणाचा तो प्रवेश आठवेल. न्यायाधीशाच्या शेजारीं श्रेष्ठी आणि कायस्थ बसले आहेत. एक व्यापारी, दुसरा लेखक. चारुदत्तासारखा माणूस खून करणार नाहीं असें तिघांनाहि मनांतून वाटतें. पण पुरावा एकामागून एक त्याच्याविरुद्ध जमत जातो, विदूषकाजवळचे वसंतसेनेचे दागिने झटापटींत भर सभेंत खालीं पडतात, आणि स्वतः चारुदत्त मोकळेपणानें बोलत नाहीं. शेवटीं न्यायाधीश हद्दपारीची शिफारस करतो व राजा पालक सुळाची शिक्षा फर्मावतो. हा अंक शिकवितांना मुलें हटकून विचारीत, "गुरुजी, त्या दोघांनीं कांहीं केलें कां नाहीं?" मला तो प्रश्न फार मार्मिक वाटे. उद्यानांत जाऊन आलेला वीरक एका स्त्रीच्या प्रेताचे अवशेष पाहिल्याचें सांगतो. तें स्त्रीचें कशावरून, हें त्याला विचारलें जातें. तें वसंतसेनेचेंच कशावरून, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. त्या सभेंत सहानुभूति भरपूर होती. हा एक प्रश्न तेवढा नव्हता, आणि तो नसल्यामुळें निरपराध माणूस वधस्तंभापर्यंत गेला.

मराठेशाहींत वतनाचे तंटे गोतसभेपुढें चालत. तेथें देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारहि बसत. आणि निवाड्याचा महजर लिहिला गेला कीं ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी त्यावर करी. कुणब्याचा नांगर त्या कागदांवर आजहि पाहावयास मिळतो. जें मान्य केलें त्याखालीं आपली खूण, एवढा साधा तो करार होता.

इंग्रजी अंमलांत, १८९८ च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडाप्रमाणें, सेशन्स कोर्टाचे खटले एक तर ज्युरीपुढें चालत किंवा असेसरांच्या मदतीनें. ज्युरीचा कौल सामान्यतः न्यायाधीशाला मान्य करावा लागे. असेसरांचें मत नुसतें ऐकून घ्यावयाचें, बंधन नाहीं. आमच्या वऱ्हाडांत असेसरांची चाल होती. एकवीस ते साठ वर्षांच्या पुरुषांवर ही जबाबदारी असे. स्त्रियांचें नांव यादींत येतच नसे. सेशन्स जज्ज व कलेक्टर मिळून, शिक्षण आणि वर्तन पाहून, यादी तयार करीत. आणि बोलावणें येऊनहि जो जात नसे त्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होऊं शके. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती.

माझे आजोबा दारव्हा तालुक्यांतले. त्यांना असें बोलावणें दोनतीन वेळां आलें होतें, आणि त्या दिवसांच्या हकीगती आजी आम्हां मुलांना सांगत असे. खटला चालूं असेपर्यंत आजोबा घरीं त्याविषयीं अवाक्षर काढीत नसत. ओसरीवर येऊन कोणी विषय काढलाच तर "संध्येची वेळ झाली" म्हणून उठून आंत जात. मग ती दुपार कां असेना. आजी म्हणे, "त्या आठ दिवसांत भाजींत मीठ नाहीं हेंसुद्धां यांच्या लक्षांत येत नसे." एका खुनाच्या खटल्यांत चार असेसर होते. श्रावणांतल्या रात्रीं नाल्याच्या पलीकडून आरोपीचा आवाज आपण ओळखला, असें मुख्य साक्षीदाराचें म्हणणें होतें. तिघांनीं दोषी म्हणून सांगितलें. आजोबा म्हणाले, निर्दोष. कारण एकच. श्रावणांत भरून वाहणाऱ्या नाल्याच्या कांठीं उभें राहिलें तर जवळच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. पलीकडचा आवाज कोणाचा हें ओळखणें तर दूरच. जज्जसाहेब बाहेरगांवचे, त्यांना तो नाला माहीत असण्याचें कारण नव्हतें. असेसर नेमावयाचे ते याचसाठीं. जज्जांनीं तिघांचें मत ग्राह्य धरलें आणि आजोबांचें मत, कायद्याप्रमाणें, कागदावर नोंदून घेतलें. मृताच्या भाऊबंदांनीं त्यानंतर वर्षभर आमच्या घरचें पाणी घेतलें नाहीं. आत्याच्या लग्नांत त्यांचीं पानें रिकामीं राहिलीं. आजीला तें फार लागलें होतें. आजोबांनीं मात्र कोणाला खुलासा केला नाहीं. खुलासा करावयाची जागा कोर्ट होती आणि तेथें तो करून झाला होता, असें ते म्हणत.

असेसरांची ही पद्धति १९५५ च्या दुरुस्तीनें बंद झाली. ज्याचें मत विचारावयाचें पण मानावयाचें नाहीं अशा माणसाला चार दिवस कामधंदा सोडून बसविण्यांत अर्थ नाहीं, हें त्यामागचें म्हणणें खोटें नव्हतें. ज्युरीची गोष्ट निराळी. तिच्या कौलानें माणूस सुटे किंवा तुरुंगांत जाई, म्हणून तिच्यांतील प्रत्येक मताला वजन होतें.

आणि एकेका मताचें वजन किती, हें आपल्या प्रांतानें मुंबईच्या हायकोर्टांत पाहिलें आहे. १८९७ सालीं 'केसरी'तील लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायासनावर न्यायमूर्ति स्ट्रॅची. ज्युरींत नऊ असामी, सहा युरोपियन व तीन हिंदी. मूळ लिखाण मराठी. ज्युरीपुढें गेलें तें इंग्रजी भाषांतर. कलमांतील 'डिसअफेक्शन' हा शब्द समजावून सांगतांना न्यायमूर्तींनीं त्याचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा केला. येथें संस्कृत शिकलेल्या माणसाला थांबावेंसें वाटतें. आमचे वैयाकरण 'नञ्'चे सहा अर्थ सांगतात; त्यांत अभाव निराळा आणि विरोध निराळा. 'अमित्र' म्हणजे जो मित्र नाहीं तो प्रत्येक माणूस नव्हे, तर शत्रु. रस्त्यानें जाणारा अनोळखी वाटसरू आपला मित्र नसतो, म्हणून तो कांहीं अमित्र ठरत नाहीं. सरकारविषयीं प्रेम न वाटणें आणि सरकारशीं वैर धरणें यांत हेंच अंतर आहे. एका उपसर्गाच्या अर्थावर माणसाचें स्वातंत्र्य टांगलेलें होतें. पुढच्याच वर्षीं, १८९८ सालीं, सरकारनें कलम दुरुस्त करून त्यांत वैरभावाचा स्पष्ट उल्लेख घातला.

ज्युरीचा कौल सहा विरुद्ध तीन असा पडला: दोषी. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हायकोर्टांत ज्युरीचें एकमत नसेल तर बहुमत ग्राह्य धरण्यास निदान सहा मतें एका बाजूस लागत. म्हणजे कौल बरोबर काठावर उभा होता. त्या सहांपैकीं एकट्यानें जरी "मला हें पटलें नाहीं" म्हटलें असतें, तरी त्या ज्युरीच्या कौलावर शिक्षा देतां आली नसती. मतें वंशावर पडलीं असें आपण सर्वजण म्हणतों आणि तें खरेंच आहे. पण मला त्या तिघांविषयीं अधिक कुतूहल वाटतें. पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेल्याला तीन महिनेहि झाले नव्हते. इंग्रजांचीं वृत्तपत्रें पेटलेलीं होतीं, न्यायासनावरून अर्थ सांगून झाला होता, बंद खोलींत सहा जण एका बाजूला होते. तिघांनीं आपलें मत बदललें नाहीं. टिळकांना त्याचा उपयोग झाला नाहीं, हें खरें; तरी तो कौल एकमतानें पडला असें इतिहासांत लिहिलें गेलें नाहीं, तें त्या तिघांमुळें.

१९०८ च्या जुलैंत दुसरा खटला झाला. या वेळीं न्यायमूर्ति दावर होते, ज्यांनीं १८९७ सालीं टिळकांच्या जामिनासाठीं वकील म्हणून काम केलें होतें. ज्युरींत सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनीं स्वतःची बाजू स्वतः मांडली. एकवीस तासांहून अधिक काळ ते ज्युरीला समजावीत होते, आणि त्यांतला बराच वेळ मराठी शब्दांचीं भाषांतरें कशीं चुकलीं आहेत हें दाखविण्यांत गेला. २२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्युरीनें दोषी ठरविलें तरी आपण निर्दोष आहों, असें टिळकांनीं त्या वेळीं जें निवेदन केलें तें १९५६ सालीं त्याच कोर्टांत मुख्य न्यायमूर्ति छागला यांच्या हस्तें शिलेवर कोरून बसविण्यांत आलें. आम्हां यवतमाळ जिल्ह्याच्या लोकांना या चरित्राचें आणखी एक अगत्य आहे. वणीचे माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांनीं यवतमाळास वकिली केली, लोकमान्यांचें अनुयायित्व जन्मभर मिरविलें, आणि 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हें त्यांचें संस्कृत पद्यमय चरित्र लिहिलें. अणे १९६८ सालीं वारले. ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ सालीं, त्यांच्या मागें, मिळाला. कोर्ट आणि अनुष्टुभ् दोन्ही जाणणारा चरित्रकार टिळकांना आमच्या जिल्ह्यानें दिला, याचा मला अभिमान वाटतो.

ज्युरीनें न्यायाधीशाचें ऐकून मत द्यावें कीं स्वतःच्या बुद्धीनें, हा प्रश्न इंग्लंडांतहि एकदां निकराला आला होता. १६७० सालीं विल्यम पेन व विल्यम मीड या क्वेकरांवर रस्त्यांत प्रवचन केल्याबद्दल खटला झाला. ज्युरी दोषी म्हणेना. तेव्हां बारा जणांना दोन रात्री अन्नपाण्यावांचून कोंडून ठेवलें. तरी ते बधेनात, म्हणून प्रत्येकास चाळीस मार्क दंड केला. बुशेल नांवाच्या ज्युररानें दंड न भरतां तुरुंग पत्करला आणि दाद मागितली. मुख्य न्यायाधीश वॉन यांनीं निर्णय दिला कीं, दिलेल्या कौलाबद्दल ज्युररास शिक्षा करतां येत नाहीं. आज अमेरिकेंत माझ्या विद्यार्थ्याला जें बोलावणें येतें त्याच्यामागें या बारा भुकेल्या माणसांचें पुण्य आहे, असें मीं त्याला लिहिलें.

आतां उलट बाजू. मुंबईंत २७ एप्रिल १९५९ रोजीं नौदलांतील कमांडर नानावटी यांनीं आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यास गोळ्या घातल्या. सेशन्स कोर्टांत नऊ जणांच्या ज्युरीपुढें खटला चालला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानें नानावटींची बाजू उचलून धरली होती, कोर्टाबाहेर गर्दी लोटे, आणि शहराचें मन आधींच ठरून गेलें होतें. ऑक्टोबरांत ज्युरीनें आठ विरुद्ध एक मतांनीं त्यांना निर्दोष ठरविलें. सेशन्स जज्ज मेहता यांना तें पटलें नाहीं; त्यांनीं कायद्यानें दिलेल्या अधिकारानें प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. हायकोर्टानें मार्च १९६० मध्यें जन्मठेप दिली आणि सुप्रीम कोर्टानें २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं ती कायम केली. १९६४ सालीं राज्यपालांनीं माफी दिली.

या प्रकरणाविषयीं घरोघर दोन समज रूढ आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिला असा कीं, मूर्ख ज्युरीनें सारें बिघडविलें. प्रत्यक्षांत वरिष्ठ कोर्टांनीं दोष काढला तो सेशन्स जज्जांनीं ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनांतहि. अपघाताचा बचाव कोणीं व किती सिद्ध करावयाचा, परिस्थितिजन्य पुरावा कसा जोखावयाचा, हें ज्युरीला नीट सांगितलें गेलें नव्हतें. ज्याला कसोटीच दिली नाहीं त्यानें सोनें ओळखलें नाहीं म्हणून सारा दोष त्याच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. दुसरा समज असा कीं, या खटल्यामुळेंच हिंदुस्थानांतून ज्युरी गेली. लॉ कमिशननें आपल्या चौदाव्या अहवालांत ती बंद करण्याची शिफारस केली होती १९५८ सालीं, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षीं. कलकत्त्यास तर नानावटीनंतरहि कांहीं वर्षें ज्युरीचे खटले चालले. शेवटीं १९७३ च्या नव्या संहितेंत ज्युरीला जागाच ठेवली नाहीं आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अध्याय मिटला. पारशी समाजाच्या विवाहविषयक खास न्यायालयांत मात्र समाजांतील पांच प्रतिनिधि न्यायाधीशाबरोबर बसतात; पूर्वीं ते सात असत. ज्युरीची तेवढी एक पणती आपल्याकडे तेवत राहिली.

नानावटीच्या नऊ जणांतला जो एक होता, त्याच्याकडे माझें मन वारंवार जातें. रोज सकाळीं बंगल्याबंगल्यांतून, आगगाडींत, दुकानांत एकच मत ऐकूं येत असतांना त्यानें साक्षीपुरावा ऐकला आणि निराळें मत दिलें. सुप्रीम कोर्टाचा निकाल त्याच्या बाजूनें लागायला दोन वर्षें गेलीं. १८९७ च्या तिघांना लोकमत अनुकूल होतें आणि सत्ता प्रतिकूल. या एकट्याला लोकमतच प्रतिकूल होतें. दुसरें अधिक अवघड, असें मला वाटतें. सरकारशीं वांकडें आलें तर घरचीं माणसें पाठीशीं उभीं राहतात. गल्लीशीं वांकडें आलें तर पानें रिकामीं राहतात.

ज्युरी गेली, आतां आपल्याला बोलावणें येत नाहीं, असें कोणी म्हणेल. येतें. फक्त तें कागदावर छापून येत नाहीं, शिपाई दारांत उभा राहून म्हणतो, "साहेब, जरा पंच म्हणून चलतां काय?" झडतीच्या वेळीं त्या वस्तींतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असा कायदा पूर्वींहि होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि आहे. झडती व जप्तीचें ध्वनिचित्रमुद्रण करणें आतां आवश्यक झालें आहे, पण पंच गेले नाहींत. लेखी हुकूम देऊन बोलावलें असतां सबळ कारणावांचून नकार देणें हा गुन्हाहि आहे. पंचनाम्यांतला पंच न्याय करीत नाहीं, तो साक्षीदार असतो, हें मला ठाऊक आहे. परंतु शब्द उगीच एक नाहीं. आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें, आपल्या बुद्धीनें तपासलेलें, आणि म्हणून आपल्या सहीखालीं दिलेलें, ही अट दोघांनाहि सारखीच लागू आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आळींत घरफोडी झाली. घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठीं पोलीस पंच शोधूं लागले. एका घरीं रक्तदाब निघाला, दुसऱ्या घरीं परगांवचे पाहुणे निघाले, तिसऱ्या घरीं "आमच्या सूनबाईंना हें असलें आवडत नाहीं" असें सांगण्यांत आलें. सूनबाई त्या वेळीं नोकरीवर होत्या. चौथे गृहस्थ तर न्यायव्यवस्थेंत कसा राम उरला नाहीं यावर नेहमीं तावातावानें बोलणारे. त्यांनीं खिडकी लावून घेतली. शेवटीं कोपऱ्यावरचा पानठेलेवाला आला आणि दुसरा एक हमाल. पंचनाम्यांत लिहिलें होतें, "दाराचें कुलूप तोडलेलें दिसलें." पानठेलेवाल्यानें सही करण्यापूर्वीं मजकूर मोठ्यानें वाचावयास लावला आणि म्हणाला, "साहेब, कुलूप शाबूत आहे. कोयंडा उखडला आहे." हवालदार म्हणाले, एकच तें. तो म्हणाला, "एक कसें? कुलूप तोडायला एक हत्यार लागतें, कोयंडा उखडायला दुसरें." ओळ खोडून दुरुस्त केली, खोडल्या ठिकाणीं त्याची सही घेतली. उद्यां पहार सांपडली तर त्या दुरुस्त ओळीला कोर्टांत किंमत आहे. इयत्ता सातवीपर्यंत शिकलेला तो माणूस; मृच्छकटिकांतल्या श्रेष्ठीनें व कायस्थानें जो प्रश्न विचारला नाहीं त्या जातीचा प्रश्न त्यानें विचारला.

सुशिक्षितांनीं पाठ फिरविली कीं काय होतें, हें कोर्टांत बसणारांना चांगलें माहीत आहे. पोलीस नेहमीचे पंच हाताशीं धरतात. एकच नांव अनेक पंचनाम्यांखालीं दिसूं लागलें कीं बचावाचा वकील त्यावर बोट ठेवतो. किंवा पंच साक्षीच्या दिवशीं फितूर होतात. "सही माझी आहे, मजकूर वाचला नाहीं; पोलिसांनीं सांगितलें म्हणून केली," हें वाक्य तेथें इतकें परिचित झालें आहे कीं तें ऐकून कोणी मान वर करून पाहत नाहीं. खरा चोर सुटला तरी या वाक्यानें सुटतो, आणि निरपराध अडकला तरी न वाचतां केलेल्या सहीनेंच अडकतो. मग आपण संध्याकाळीं चहा घेतां घेतां कोर्टांना नांवें ठेवावयास मोकळे.

पंचाच्या जागीं बसण्याचेहि प्रसंग संपलेले नाहींत. लोकन्यायालयाच्या मंडळावर न्यायाधीशाबरोबर समाजसेवक बसतात. तेथील तडजोडीच्या निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील नसतें. १५ ऑगस्ट २००७ रोजीं सुरू झालेल्या तंटामुक्त गांव मोहिमेंत आमच्या जिल्ह्यांतल्या खेड्यांतूनहि समित्या झाल्या. जातपंचायतीची गोष्ट मात्र कोणी यांत मिसळूं नये. तेथें पंच आपल्याच जातीचा, आपल्याच सोयीचा असतो आणि शिक्षा बहिष्काराची. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें केलेला कायदा २०१७ पासून अमलांत आहे, तो योग्यच आहे.

या सर्वांत मला सर्वांत जबाबदारीचें वाटतें तें बाल न्याय मंडळ. जुन्या ज्युरीच्या अगदीं जवळचें कांहीं आज आपल्याकडे असेल तर तें हेंच. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप झाला तर प्रकरण त्या मंडळापुढें जातें. २०१५ च्या कायद्याप्रमाणें त्यांत एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकीं निदान एक स्त्री असलीच पाहिजे. मतभेद झाल्यास बहुमत चालतें. म्हणजे दोन साधे नागरिक एका बाजूस असले तर दंडाधिकाऱ्याचें मत मागें पडूं शकतें. मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा निदान सात वर्षांचा अनुभव असलेल्या माणसांना तेथें घेतात. आपल्या किती घरांतून अशा बायका आहेत! वीस-तीस वर्षें शाळेंत मुलांत घालविलेली वहिनी किंवा आत्या घरांत असते. मूल खोटें केव्हां बोलतें आणि भिऊन गप्प केव्हां बसतें, हें तिला जितकें कळतें तितकें कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. एके काळीं तिचें नांव असेसरांच्या यादींत येऊं शकत नव्हतें. आतां जाहिरात निघते तेव्हां घरांतल्या कर्त्या पुरुषांनीं "कशाला ती कोर्टाची पायरी" एवढें म्हणण्यापूर्वीं तिला एकदां विचारावें.

आणि शिपाई दारांत आला तर काय करावें, असें कांहीं वाचक विचारतील म्हणून थोडें व्यवहाराचें सांगून थांबतों. जावें. जें दाखवितात तें स्वतः पाहावें. दुरून मान डोलवूं नये. पंचनामा वाचावा, वाचतां न आला तर वाचून घ्यावा, आणि जें आपण पाहिलें नाहीं तें त्यांत असेल तर सही करण्यापूर्वीं तसें सांगावें. कोऱ्या कागदावर सही कधींहि करूं नये. घरीं आल्यावर तारीख, वेळ, जागा आणि हजर माणसें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवावीं, कारण साक्षीचें समन्स कित्येकदां तीन-चार वर्षांनीं येतें. त्या समन्साच्या तारखेला लग्नाचा मुहूर्त निघाला तर कोर्टाला आधीं कळवावें. परस्पर दांडी मारूं नये. निघतांना चष्मा बरोबर घ्यावा. "चष्मा घरीं राहिला होता म्हणून वाचलें नाहीं," हेंहि एक परिचित वाक्य कोर्टांत आहे.